बेळगावची लोकसंख्या विचारताय, पण आधी विचारा पगार कुठल्या दिवशी होतो

प्रश्न वाचला. आधी तो मला समजला तसा परत मांडतो, चुकत असेन तर सांगा. तुम्ही कराडचे. पुण्याची एक मसाले-लोणची-पापडवाली कंपनी तुम्हाला बेळगावची डिस्ट्रिब्युटरशिप देतेय आणि पंचवीस लाख घालायला सांगतेय. त्यांच्या माणसानं कागदावर लिहून दिलंय की "जिल्हा ४८ लाख, शहर ६ लाख, माणसं मराठी, चव आपलीच". तुम्ही नेटवर बघितलं तर कुठं ४.८८ लाख, कुठं ६.१० लाख, कुठं ४७.८ लाख. म्हणून तुम्ही विचारलंय की खरी लोकसंख्या कुठली, तिथं राहतं कोण, पैसा येतो कशातून आणि नुसत्या मराठीवर निभावेल का.

मी १९९६ पासून बेळगावात याच लायनीत आहे. सुरुवातीला लुनावर बिस्किटाचे बॉक्स बांधून सेल्समनकी केली, आता स्वतःचं गोडाऊन आहे, तीन गाड्या आहेत, शहर आणि तालुक्यातली दुकानं आम्ही करतो. त्यामुळे सांगेन ते दुकानाच्या काउंटरवरून दिसलेलं सांगेन. आणि एक गोष्ट आधीच बोलतो, तुमचा खरा प्रश्न लोकसंख्येचा नाहीच आहे. त्या लोकसंख्येतल्या किती जणांच्या हातातला पैसा, कुठल्या दिवशी आणि कुठल्या दुकानातून तुमच्या मालापर्यंत येणार, हा तुमचा प्रश्न आहे. डोकी मोजून त्याचं उत्तर मिळत नाही.

तरी पण आकड्यांचा घोळ आधी सोडवू, कारण तिन्ही आकडे खरे आहेत. तिन्ही २०११ च्या जनगणनेचे. ४,८८,१५७ ही महानगरपालिकेच्या हद्दीतली माणसं. ६,१०,३५० ही हद्द अधिक कॅन्टोन्मेंट अधिक शहराला चिकटलेली हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी असली गावं मिळून, त्याला जनगणनेवाले नागरी समूह म्हणतात. आणि ४७,७९,६६१ हा अख्खा जिल्हा, बेंगळुरू शहर जिल्ह्यानंतर कर्नाटकात सगळ्यात जास्त. आता वजाबाकी करून बघा, पहिल्या दोन आकड्यात सव्वा लाखाच्या जवळ फरक पडतो, म्हणजे बेळगाव म्हणून जे जगतंय त्यातलं पाचातलं एक माणूस तेव्हाच हद्दीच्या बाहेर राहत होतं. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज कुणी "सध्याची लोकसंख्या" म्हणून छातीठोक आकडा देत असेल तर तो अंदाज आहे एवढं लक्षात ठेवा. २००१ ला नागरी समूह ५,०६,४८० होता, दहा वर्षांत वीस टक्के वाढला, तीच चाल धरून लोक पुढचं गणित मांडतात. माझ्या डोळ्यांनी बघतोय ते असं की जुन्या गल्ल्यांत माणसं वाढलेली नाहीत, वाढ सगळी कडेला आहे, मच्छे-पिरनवाडी, कंग्राळी, कणबर्गी-रामतीर्थनगर या बाजूला. शेताचे प्लॉट पडले, प्लॉटवर घर झालं, घराखाली किराणा दुकान आलं.

अजून एक बारीक गोष्ट. आपल्याकडे १९७६ पासून महानगरपालिका आहे, म्हणून लोकांना वाटतं हे महानगर. घटनेत महानगर क्षेत्राची व्याख्या दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येची आहे. २०११ च्या मोजणीत बेळगाव तिथं पोचलेलं नव्हतं. याचा तुमच्या धंद्याशी संबंध आहे, कारण कंपन्या शहरांचे क्लास पाडतात आणि तुमच्या कंपनीचा माणूस तुम्हाला दहा लाखाच्या शहराचं टार्गेट चिकटवू शकतो. तिथं हा आकडा दाखवा.

आता ४८ लाखाचा सापळा. तुमच्या कागदावरचा हा सगळ्यात घातक आकडा आहे, म्हणून याला जरा वेळ देतो. जिल्ह्याचा पसारा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला तीन चतुर्थांश माणूस खेड्यात. एवढ्या मोठ्या जिल्ह्यातला माणूस खरेदीला बेळगावात येतो असं पुण्यात बसून वाटतं, इथं तसं होत नाही. निपाणीचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरला जातो, कारण कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव पंचाहत्तर. कागवाड-अथणीकडची माणसं मिरज-सांगलीला. रामदुर्ग-सौंदत्तीचा कल धारवाड-हुबळीकडं. गोकाकची स्वतःची बाजारपेठ दांडगी, तिथला दुकानदार बेळगावच्या डिस्ट्रिब्युटरची वाट बघत बसत नाही. चिक्कोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे करा ही मागणी कित्येक वर्षं आहे ती उगीच नाही, माणसांच्या वाटाच वेगळ्या आहेत.

मग बेळगावचा स्वतःचा टापू कुठला? माझा साधा हिशोब आहे, सकाळच्या बसनं येऊन खरेदी करून, जमलं तर दवाखाना करून, संध्याकाळच्या बसनं जो घरी जेवायला पोचतो तो बेळगावचा. बेळगाव तालुका पूर्ण, खानापूर तालुका बराचसा, बैलहोंगल आणि हुक्केरीचा अलीकडचा भाग. आणि यात एक असा भाग येतो जो बेळगावच्या कुठल्याच जनगणनेत नाही, तो म्हणजे चंदगड तालुका. जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, पण बेळगाव चाळीस किलोमीटरच्या आसपास आणि कोल्हापूर शंभराच्या वर. शिनोळी आली की महाराष्ट्र सुरू होतो, पण चंदगडच्या बाईचं बाळंतपण बेळगावला, पोराचं कॉलेज बेळगावला, दिवाळीचे कपडे गणपत गल्लीत. काजूचे पैसे आले की ते इथल्या सराफात पण येतात. म्हणजे कंपनी तुम्हाला जे ४८ लाख देतेय त्यातले बरेचसे तुमचे नाहीत, आणि जे खरंच बेळगावचे आहेत त्यातले काही कंपनीच्या नकाशात दुसऱ्या राज्यात आहेत. पंचवीस लाख टाकायच्या आधी कंपनीकडून गावांची यादी लेखी घ्या. "बेळगाव जिल्हा" असं मोघम लिहून घेऊ नका.

आता पैसा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बेळगाव म्हणजे एक बाजार नाही, वेगवेगळ्या तारखांना पगार होणारी पाच-सहा गावं एकमेकांना चिकटलेली आहेत.

उद्यमबाग घ्या. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स. अशोक आयर्न, पॉलिहायड्रॉन ही मोठी नावं झाली, पण खरा पसारा छोट्या जॉबवर्कवाल्यांचा, शेडमध्ये चार लेथ, दोन सीएनसी आणि आठ-दहा माणसं. मच्छे, नावगे, होनगा, काकती इकडं पण हेच. कास्टिंग आणि क्रँकशाफ्ट जातात वाहन कंपन्यांना, पंपवाल्यांना, त्यामुळे देशात गाड्या खपल्या नाहीत की इथं आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग आठवड्यातली एक सुट्टी वाढते आणि महिनाभरात मच्छेच्या दुकानदाराची उधारी वाढलेली मला दिसते. २००८-०९ ला बघितलं, २०१९ ला परत बघितलं. इथला पगार साधारण सात ते दहा तारखेच्या दरम्यान. दहा तारखेला संध्याकाळी साडेपाचला तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ उभं राहून बघा, डबा लावलेल्या सायकली-मोटारसायकली, दुकानापुढं तेलाचं पाकीट, साबण, पोरासाठी बिस्किट, आणि दुकानदार एका हातानं माल देतोय, दुसऱ्या हातानं मागच्या महिन्याच्या वहीतलं नाव खोडतोय. वीस तारखेनंतर त्याच दुकानात पाच-दहा रुपयांची पुडीच चालते. फाउंड्रीत आता उत्तरेकडची आणि ओडिशाची मुलं पण बरीच आहेत, खोली करून चार-पाच जण राहतात, त्यांची खरेदी वेगळी, मोहरीचं तेल विचारतात.

हायवेनं उत्तरेला गेलं की हत्तरगीला एक्वस कंपनीचं एअरोस्पेस सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, विमानांचे पार्ट होतात तिथं. कंपनीच्या बसमधून पोरं-पोरी जातात. हिंडाल्कोचा अॅल्युमिनाचा कारखाना जुना. ही पगारदार माणसं, पण लांबून ये-जा करतात, त्यांची खरेदी कारखान्यापाशी होत नाही, त्यांच्या गावात होते. सेल्समनला कारखान्याच्या गेटवर पाठवू नका, बस जिथं थांबते त्या कोपऱ्यावर पाठवा.

वडगाव, खासबाग आणि शहापूरचा काही भाग म्हणजे मागवाल्यांचा. पॉवरलूमवर साड्या. शहापूर हे संस्थानी काळात सांगलीकरांच्या ताब्यात होतं, मधोमध ब्रिटिशांचं बेळगाव आणि शेजारी संस्थानी शहापूर, म्हणून त्याची पेठ, सराफी, खडेबाजार सगळं आजही स्वतंत्र गावासारखं चालतं. इथली एक चूक सांगतो, माझीच. २००४ ची गोष्ट, एका कंपनीचा माल माझ्याकडे होता आणि वरून प्रेशर होतं की अर्धा किलोची पाकिटं ढकला, स्कीम चांगली आहे. मी वडगावात सत्तर-ऐंशी दुकानांत ती पाकिटं ठेवली. तीन महिन्यांनी गेलो तर पाकिटांवर कापसाचा बारीक तूस बसलेला, एक पाकीट हललेलं नाही. एका आजीबाईचं दुकान होतं, मागाच्या खडखडाटात तिला ओरडून विचारलं की का खपलं नाही. ती म्हणाली, "लेकरा, हितं हप्त्याला मजुरी मिळतीया, आठवड्याचं सामान आठवड्याला नेत्यात. अर्धा किलो घेऊन ठेवायला कुणाकडं पैसं हाईत?" माल परत घ्यायला लागला, एक्स्पायरी माझ्याच अंगावर आली, कंपनीनं हात वर केले. तेव्हापासून मी प्रत्येक बीटला, म्हणजे सेल्समनच्या ठरलेल्या फेरीतल्या भागात, दोनच गोष्टी आधी विचारतो, इथं मजुरी कधी मिळते आणि किती दिवसांचं सामान एकदम नेतात. वडगावात आजही सगळ्यात लहान पॅक द्यायचा आणि मजुरीच्या आदल्या दिवशी दुकान भरायचं. आणि माग बंद असले, सुताचा भाव चढला म्हणून किंवा साडीला उठाव नाही म्हणून, तर त्या आठवड्यात तिथं माल उतरवायचाच नाही. गल्लीत शिरताना आवाज आला नाही की मला कळतं.

कॅम्प आणि मिलिटरी ही तिसरी दुनिया. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं, सांबऱ्याला एअरफोर्स. रिक्रूट पोरं, ट्रेनिंगवाले, त्यांना भेटायला येणारे आईबाप, लॉज, हॉटेलं, ट्रंका-बूट विकणारी दुकानं. पण एक लक्षात घ्या, आजूबाजूच्या आणि चंदगड-गडहिंग्लजच्या गावांत रिटायर्ड जवान पुष्कळ, त्यांना पेन्शन नियमित येते, तरी साबण-टूथपेस्ट-चहा मिलिटरी कॅन्टीनमधून येतो. म्हणून पैसेवालं गाव असून तिथल्या दुकानात ठराविक वस्तूंचा खप कमी दिसतो. तुमचं लोणचं-पापड त्यात बसतं का बघा, बसत नसेल तर ही गावं तुम्हाला चांगली.

शिक्षण आणि दवाखाने. केएलई संस्था १९१६ पासूनची, तिचं मेडिकल कॉलेज आणि मोठं हॉस्पिटल, बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज, १९९८ पासून व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाचं मुख्यालय, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ, जुनी गोगटे वगैरे कॉलेजं. नेहरूनगर, सदाशिवनगर, टिळकवाडी या भागात पीजी आणि मेस किती आहेत ते फिरल्यावर दिसेल. मेसवाला हा तुमच्यासाठी सोन्यासारखा गिऱ्हाईक, मोठा पॅक घेतो आणि जून-जुलैत ॲडमिशन झाली की मार्चपर्यंत तुटत नाही. परीक्षा संपल्या की दोन महिने शांत. दवाखान्यासमोरची दुकानं मात्र बाराही महिने चालतात, तिथं गोव्याचा, सिंधुदुर्गाचा, चंदगडचा पेशंट आणि त्याच्याबरोबर दोन नातेवाईक असतातच.

आता शेती. पश्चिमेला तांबडी माती, पाऊस दणकून, भात, रताळी, बटाटा, भाजी. येळ्ळूर-माजगाव-शहापूरच्या शिवारातला बासमती, भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर. उचगाव-बेक्किनकेरी बाजूची रताळी काढली की ट्रक भरून उत्तरेकडं जातात, नवरात्राच्या उपासाला मागणी. कडोली, सांबरा, मुतगा इकडची कोबी, मिरची, टोमॅटो रोज चोर्ला घाटानं गोव्याला. गोव्याचं ताट बऱ्यापैकी बेळगावच्या भाजीवर आणि दुधावर चालतं, हे तिकडची माणसं पण मानतात. हा पैसा रोख आणि रोजचा. पूर्वेला आणि उत्तरेला काळी जमीन, ऊस, साखर कारखाने, तो पैसा उशिरा पण एकदम येतो. नियमानं चौदा दिवसांत बिल द्यायला पाहिजे, पण हप्ते पडतात आणि लांबतात. उसाचं बिल आलं की ट्रॅक्टर, बुलेट, सोनं, लग्न, बेळगावात प्लॉट. लोणच्यापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं, पण लग्नाचे आचारी पापड-लोणचं-मसाला पोत्यानं घेतात, त्यामुळे डिसेंबर ते मे आचाऱ्यांची यादी हातात ठेवा. निपाणीचा तंबाखू आणि विड्या वळणाऱ्या बायका हा वेगळाच विषय, आणि वर सांगितलं तसं निपाणी तुमच्या टापूत येतेच असं नाही.

तर इथपर्यंतचं थोडक्यात असं की, शहराचा आकडा ६ लाखाच्या आसपास धरा आणि वाढ कडेच्या गावांत शोधा, जिल्ह्याचा ४८ लाख विसरा, चंदगड विसरू नका, आणि प्रत्येक भागाची पगाराची तारीख वहीत लिहा.

आता माणसं. "माणसं मराठी, चव आपलीच" हे वाक्य ज्यानं लिहिलं तो बेळगावात दोन दिवस पण राहिलेला नाही. जिल्ह्याचा विचार केला तर कन्नड बोलणारे स्पष्ट बहुसंख्य आणि मराठी पाचव्या हिश्श्याच्या आसपास. शहरात, खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत मराठी खूप दाट. शहराच्या उत्तर भागात, महांतेशनगर, शिवबसवनगर, रामतीर्थनगर इकडं कन्नड जास्त ऐकू येईल. उज्ज्वलनगर, आझमनगर, न्यू गांधीनगरला उर्दू. जातवार टक्केवारी कुणी सांगितली तर त्याला विचारा कुठून आणली, कारण २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडून जात प्रसिद्ध झालेली नाही. आम्ही धंद्यात जात मोजत नाही, स्वयंपाकघर बघतो, आणि ते बघितल्याशिवाय मसाला विकता येत नाही.

मराठा घरात बुधवार-रविवार मटण-चिकन आणि घरचं तिखट. लिंगायत घर शाकाहारी, भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगाचटणी, हिंडी. जैन समाज या जिल्ह्यात मोठा, आणि चातुर्मासात बरीच घरं कांदा-लसूण-कंदमुळं बंद करतात, म्हणजे तुमचा कांदा-लसूण मसाला त्या चार महिन्यांत त्या गल्लीत नेऊच नका. मुसलमान वस्तीत बिर्याणी आणि मटण मसाला हलतो, रमजानमध्ये माल कमी पडतो. मारवाडी-गुजराती घरांचं लोणचं वेगळं. सारस्वत आणि गोव्याकडच्या ख्रिश्चन घरांत मासळी, आंबट, नारळ. ही सगळी माणसं एकाच शहरात, कधी एकाच बिल्डिंगमध्ये, आणि एकमेकांच्या लग्नात जेवतात.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, इथं तिखट घरी करतात. मार्च-एप्रिलमध्ये शहापूर, अनगोळ किंवा कुठल्याही पेठेतल्या डंकावर जाऊन बघा. बायका स्टीलचे डबे आणि पोती लावून नंबरात बसलेल्या, डोक्याला पदर गुंडाळून नाकावर धरलेला, आत मुसळ धपाधप पडतंय, रस्त्यावरून जाणारा माणूस पण ठसकतो. संकेश्वरी मिरची तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी, कोण कुठली किती घालते त्याचं प्रत्येक घराचं माप ठरलेलं, आईकडून आलेलं. वर्षाचं तिखट एका दिवसात होतं आणि बरणीत हिंगाचा खडा घालून ठेवतात. ज्या घरात ती बरणी आहे त्या घरात तुमचं अर्धा किलोचं तिखट पाकीट जाणार नाही, टीव्हीवर कितीही जाहिरात करा. मग पाकीट कुठं जातं? भाग्यनगर, हिंदवाडी, राणी चन्नम्मानगरच्या फ्लॅटमध्ये जिथं दोघं नोकरीला, पीजीत, मेसमध्ये, आणि बरणी संपत आलेली असते तेव्हा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, सगळीकडं. म्हणून तिखट-मसाल्यापेक्षा पापड आणि लोणच्यानं सुरुवात करा असं माझं मत. गरम मसाला, पावभाजी, छोले असले बाहेरचे पदार्थ चालतील, कारण ते कुणाच्या आजीच्या मापात नाहीत.

भाषेचं. मी मराठी, घरात मराठी, गल्लीतल्या गणपतीची आणि शिवजयंतीच्या चित्ररथाची वर्गणी तीस वर्षं देतोय, सीमाप्रश्न माझ्या घरातला प्रश्न आहे, वडील सत्याग्रहात होते. १९५६ पासून हे दुखणं आहे आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यामुळे हे मी कुणाला खूश करायला बोलत नाही. पण नुसत्या मराठीवर धंदा होणार नाही. गणपत गल्ली, वडगाव, येळ्ळूर, उचगाव, खानापूर इथं होईल. रविवार पेठेत होलसेलवाल्याबरोबर मराठी चालेल, कारण तो चार भाषा बोलतो. पण बाळेकुंद्रीच्या पुढं गेलात की दुकानदार "नाळे बर्री" म्हणाला याचा अर्थ उद्या या, आणि त्या "उद्या"चा सूर कळायला कन्नड कानात पाहिजे. खरंच उद्या पैसे देणार आहे की टाळतोय हे शब्दात नसतं. एक चांगली गोष्ट अशी की उधारीला तिकडं पण "उद्री"च म्हणतात. निदान एक सेल्समन असा ठेवा ज्याच्या घरी कन्नड आहे, आणि तुम्ही स्वतः आकडे, तारखा, दे-घे एवढं शिका, सहा महिन्यांत येतं. दुकानदाराला तुमचं व्याकरण नको असतं, तुम्ही प्रयत्न करताय हे त्याला दिसलं की तो चहा मागवतो. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांत कन्नड दुकानदार निम्मे आहेत, आणि कोरोनात माझा माल अडकला तेव्हा पहिला फोन बैलहोंगल रोडच्या एका अण्णांचा आला, "पैशाची काळजी करू नका, आधी घरचं बघा" म्हणून.

बोर्डाचा नियम पण लक्षात ठेवा, २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के भाग कन्नडमध्ये लागतो. गोडाऊनची पाटी करतानाच तशी करा, नंतर बदलण्यात खर्च आणि मनस्ताप. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची मोठी मिरवणूक आणि त्याच दिवशी मराठी लोकांचा काळा दिन, त्या दिवशी गाडी काढू नका. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा लॉज भरलेले, हॉटेलवाल्यांचा खप वाढलेला, पण हायवेवर मोर्चे आणि वळवलेली वाहतूक. आणि सीमेवर तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबतात, तेव्हा चंदगडचं गिऱ्हाईक येत नाही आणि गणपत गल्ली दुपारीच रिकामी दिसते. वर्षातले असले दहा-बारा दिवस हिशोबात धरूनच चाला.

राज्याच्या हद्दीचा दुसरा त्रास कमी लोक सांगतात. कंपन्या डेपो राज्यावार लावतात. तुम्हाला माल हुबळी किंवा बेंगळुरूच्या डेपोतून येणार, कर्नाटकची स्कीम लागणार. कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरला महाराष्ट्राची स्कीम. दोन्हीत पाकिटामागं दीड-दोन रुपयांचा फरक पडला की निपाणीकडून माल आत येतो आणि रविवार पेठेत तुमच्या भावापेक्षा कमी भावात विकला जातो. आधी व्हॅट होता, परराज्यातल्या मालाला सी-फॉर्म, नाक्यावर तपासणी, तेव्हा थोडा अटकाव होता. २०१७ ला जीएसटी आल्यावर तो पण गेला. माल ओरिजिनल, बिल ओरिजिनल, तक्रार कुणाकडं करणार? म्हणून ॲग्रीमेंटमध्ये विचारा की बाहेरचा माल आला तर कंपनी भावातला फरक भरून देणार का. "बघू" म्हणाले तर तो नकार समजा.

तुम्हाला घ्या किंवा नको असं मी सरळ सांगू शकत नाही, कारण ते तीन गोष्टींवर आहे. एक, पंचवीस लाख तुमचे आहेत की कर्जाचे. इथं उधारी पंधरा ते एकवीस दिवस, मागवाल्यांच्या भागात महिना, म्हणजे निम्मी रक्कम कायम बाजारात फिरत राहणार, कर्जाचं व्याज त्यातून निघेलच असं नाही. दोन, तुम्ही स्वतः इथं राहणार की कराडहून आठवड्याला ये-जा करणार. ये-जा करणार असाल तर घेऊ नका, हे मात्र स्पष्ट सांगतो, वसुली मालकाचं तोंड बघून होते. तीन, एक्स्पायरी आणि ब्रेकेज परत घेण्याचं कंपनी लेखी देते का. वडगावच्या पाकिटांचं वर सांगितलंच आहे.

आणि सही करण्याआधी एक महिना इथं येऊन खोली घेऊन राहा. एक तारखेला टिळकवाडी-हिंदवाडीत फिरा, सरकारी नोकर, मास्तर, बँकवाले. दहाला तिसरं गेट आणि मच्छे. वडगावला मजुरीच्या दिवशी, तो कुठला ते तिथल्याच दुकानदाराला विचारा, गल्लीगणिक बदलतो. एका पहाटे चारला भाजी मार्केटला जा, गोव्याच्या गाड्या भरताना बघा आणि तिथल्या हमालांच्या चहाच्या गाड्यावर नाष्टा करा. एक दिवस शिनोळीमार्गे चंदगडच्या बसनं जाऊन या. रोज वीस दुकानं, प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न, पापड कुठला चालतो, केवढं पाकीट, उधारी किती दिवस. महिन्यात पाचशे दुकानं सहज होतात, तेवढी झाली की कंपनीच्या कागदावरच्या आकड्याची तुम्हाला गरज उरणार नाही. गोडाऊन बघाल तेव्हा रविवार पेठेत बघू नका, भाडं परवडत नाही आणि दिवसा गाडी आत घेता येत नाही, अनगोळ-उद्यमबागच्या बाजूला बघा, आणि पावसाळ्यात एकदा जमीन हातानं चाचपून बघा, इथला पाऊस जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत ओल हटत नाही आणि पापडाला ओल अजिबात चालत नाही.